अकरा नंबरचं मीनल

तक्रार

दुपारचे दोन चाळीस. ड्युटीरूमचा पंखा दर तिसऱ्या फेरीला कुरकुरतो. चपला न काढता मी खाटेवर आडवी होते. पेन हातातच राहिलं आहे. वॉर्डात खाट नंबर अकराच्या कागदावर चार वाजताचं इंजेक्शन लिहिलं आणि तशीच उठून आले. पंधरा मिनिटं पडायचं, बस्. पंखा कुरकुरतो. दोन फेऱ्या गप्प. कुरकुरतो. दोन फेऱ्या गप्प. कुर—

"सरक गं," मीनल म्हणते.

मी भिंतीकडे सरकते. सरकून झाल्यावर आठवतं की मीनल घोरपडे जाऊन पाच वर्षं झाली. तोवर ती शेजारी आडवी झाली आहे, पांघरूणही ओढून घेतलं आहे. अर्धं म्हणून मागायची आणि पाऊण न्यायची. अजून तेच.

खाट आता हॉस्टेलची आहे. खोली नंबर सदतीस. दोघींत एक खाट, कारण दुसरीची फळी मोडली होती आणि वॉर्डनबाई ती दुरुस्त करून देणार होत्या, वर्षभर. छत मात्र ड्युटीरूमचंच आहे. पंखा थांबला आहे.

"तू मेलीयस," मी म्हणते.

"माहीत आहे मला. पाय काढ तुझा."

"काय पाहिजे?"

"मला कुठं काय पाहिजे? तूच बोलावलंस."

"मी? मी कशाला बोलावू तुला?"

"अकरा नंबर," ती म्हणते, आणि माझ्याकडे पाठ करते.

पूर्वेतिहास

हे स्वप्नात येत नाही. हे जागेपणी ठाऊक असलेलं आहे, स्वप्नाच्या खाली अंथरलेलं.

मी वैजयंती पाटणकर. मीनल आणि मी एका बॅचच्या, एका खोलीतल्या, पुढं एकाच कॅन्सर हॉस्पिटलात, एकाच युनिटमध्ये डॉक्टर. माझे मार्क जास्त होते. तिची बोटं. तिलाही दहाच होती, पण आमचे सर त्या बोटांबद्दल असं बोलायचे, जणू अकरावं तिनं कुठंतरी लपवून ठेवलं आहे. ती पेशंटचं मनगट धरायची, गावात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारायची, लेकीचं बाळंतपण विचारायची, आणि बोलता बोलता गप्प व्हायची. मग म्हणायची, "यांच्या हृदयाचा इको आत्ताच्या आत्ता करा."

हृदयाभोवती एक पिशवी असते. कॅन्सर तिथं पोचला की पिशवीत पाणी साठतं, बहुतेक वेळा रक्ताळलेलं. साठत साठत इतकं होतं की हृदयाला फुलायला जागा उरत नाही. माणसाला धाप लागते, मानेच्या शिरा तटतटतात, पाय सुजतात, रक्तदाब उतरतो. आणि श्वास आत घेतला की मनगटातली नाडी बारीक होते, कधी कधी हरवते. श्वास सोडला की परत येते. बोटांना हे कळतं. मॉनिटरवर नुसता आकडा येतो, आणि तो आकडा बघून माणूस निर्धास्त होतो.

मग मीनललाच स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार चालू असताना तिला धाप लागली. मी राऊंडला गेले, छाती ऐकली, म्हटलं, इन्फेक्शन आहे, एक्सरे काढू. ती स्वतःच्या उजव्या मनगटावर डाव्या हाताची तीन बोटं ठेवून बसली होती.

"वैजे, इकडं धर. मी श्वास घेते तेव्हा जाते बघ."

धरलं. गेली.

स्वतःचं निदानसुद्धा तिनंच केलं. माझ्या देखत, माझ्या आधी, माझ्या हातात हात देऊन.

सुई मी घातली. बरगड्यांच्या खाली, डाव्या खांद्याच्या रोखानं, डोळे सोनोग्राफीच्या पडद्यावर ठेवून. पावणेसातशे मिली निघालं. त्यानंतर ती पाच महिने जगली. ते पाच महिने मी काढून दिलेले आहेत. पण हॉस्पिटलात कुणालाही विचारा, सगळे एवढंच सांगतील: "घोरपडे मॅडमनी स्वतःचं स्वतः ओळखलं हो!"

ती गेल्यावर सरांनी नियमच केला. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची नाडी रोज एक मिनिट बोटांनी बघायची, सावकाश श्वास घ्यायला लावून. नियमाला नाव कुणी दिलं नाही, पडलं. "सातचं मीनल झालं का?" "चौदाचं मीनल राहिलंय." तिच्या नावाचं क्रियापद झालं. माझ्या नावाचं काय झालं? माझं नाव रजिस्टरात आहे.

सर निवृत्त झाले आणि युनिट माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात मी नोटीस लावली. मॉनिटर उपलब्ध असताना हातानं नाडी मोजण्यात वेळ घालवू नये. भाषा शास्त्रीय होती. रिबेका सिस्टरनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

दोन वर्षं झाली त्याला.

तपासणी

हॉस्टेलची मेस. लांब बाकं, स्टीलची ताटं, आणि प्रत्येक मुलगी जेवण्याआधी शेजारणीचं मनगट धरून बसली आहे. मेसच्या मावशी पातेलं घेऊन येतात.

"मीनल वाढू का?"

"थोडं," सगळ्या म्हणतात.

माझ्या ताटात त्या काहीच वाढत नाहीत. मी ताट पुढं करते. मावशी पुढच्या मुलीकडे जातात.

"बघ," मी मीनलला म्हणते, "इथंही."

"आमटी आहे ती. खारट आहे. काही अडलं नाही तुझं."

मी श्वास आत घेते आणि मेसमधले दिवे मंद होतात. सोडते, उजळतात. पुन्हा घेते. आणि नुसते दिवे नाहीत, शब्दही जातात. मला म्हणायचं आहे, हे काय चाललंय, आणि श्वास आत ओढताना ऐकू येतं:

हे काय ——

सोडते.

चाललंय.

"असंच असतं ते," मीनल म्हणते. "चल."

बाकावरून उठतो ते थेट लिफ्टमध्ये. हॉस्पिटलची जुनी लिफ्ट, जाळीच्या दाराची. पाटीवर लिहिलं आहे: सहा माणसे. आम्ही दोघीच आहोत, तरी खांद्याला खांदा घासतो. घोट्यापर्यंत पाणी आहे, कोऱ्या चहाच्या रंगाचं. कोमट.

"सांग मला," मीनल विचारते, "श्वास घेतल्यावर नाडी का जाते?"

"मला शिकवतेस?"

"विचारतेय. तुझे मार्क जास्त होते ना?"

मी धडधडा सांगते. श्वास आत घेतला की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं. उजवी फुगते. पण बाहेरून पाण्यानं आवळलेलं असतं, त्यामुळे ती मधल्या पडद्याला ढकलते. डाव्या बाजूची जागा जाते. डावीतून रक्त कमी निघतं. नाडी ——

पाणी गुडघ्यापर्यंत.

"पुस्तकातलं झालं," ती म्हणते. "आता खाटेवरचं सांग."

"कुठल्या खाटेवरचं?"

"सदतीस नंबरच्या खोलीतल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोडकी खाट आडवी टाकलेली. मध्ये आपण दोघी. मी अंग पसरलं की तू भिंतीला. तू पसरलंस की मी मोडक्या फळीवर. एकीनं श्वास घेतला की दुसरीची जागा गेली."

"तू नेहमीच पसरायचीस."

"हो. आणि तू रात्रभर जागी राहून मोजायचीस, किती वेळा."

पाणी कमरेपर्यंत. मी श्वास घेत नाही. घेतला की तिची जागा जाईल असं वाटतं, म्हणून नव्हे. घेतला की मला अंधार दिसेल, म्हणून.

दार उघडतं. पाणी बाहेर जात नाही.

तपासणी (पुन्हा)

वॉर्ड आहे, पण हॉस्टेलच्या गच्चीवर. खाटांच्या मधून दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांवर आमचे पांढरे कोट वाळताहेत. खाट नंबर अकरा. शेवंताबाई लोखंडे, वय छप्पन्न, आटपाडीकडच्या. स्तनाचा कॅन्सर, केमोथेरपीचे चार डोस झालेले. उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसल्या आहेत. सकाळी खऱ्या वॉर्डातही अशाच बसल्या होत्या.

"आडवं हुता येत न्हाई, बाई," त्या म्हणतात. सकाळी म्हणाल्या होत्या तेच, त्याच आवाजात. "आत वढला की अंधार येतोय. सोडला की दिसतंय."

मी माझ्या हातातला कागद बघते. त्या वाक्यासमोर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: अशक्तपणा.

"छान," मीनल म्हणते. "तिनं अख्खं निदान सांगितलं. तू एका शब्दात मिटवलंस."

"पाय सुजलेत. धाप आहे. केमोच्या औषधानं हृदय कमजोर होतं, हे काय मला माहीत नाही? सकाळी लघवीचं इंजेक्शन दिलंय. आणखी एक चारला आहे."

"फुफ्फुसं ऐकलीस?"

"ऐकली."

"काय होतं?"

"स्वच्छ."

"मग?"

मी कागद उलटा करते.

"हृदय कमजोर होऊन इतकी धाप लागली असती तर पाणी फुफ्फुसात भरलं असतं, वैजे. तुला खालच्या बाजूला बुडबुडे ऐकू आले असते. फुफ्फुसं कोरडी, मान तटतटलेली, रक्तदाब किती?"

"नव्वद."

"सकाळच्या इंजेक्शनच्या आधी?"

"एकशे चार."

ती नुसती बघते. हे तिचं मला कधीच सहन झालं नाही. ओरडली असती तर चाललं असतं.

"इको गुरुवारी आहे," मी म्हणते. "इकोवाले डॉक्टर मंगळवारी येत नाहीत. मी नंबर लावलाय."

"आत जागा नाही म्हणून हृदय धडपडतंय. बाहेरून जे रक्त दाबून आत शिरतंय त्याच्यावर ती बाई तगून आहे. ते तू चार वाजता आटवणार. मग गुरुवारी कुणाचा इको काढणार?"

"मनगट धरून बघ ना मग!" मी ओरडते. "तूच बघ! तुलाच येतं सगळं! सगळ्यांना माहीत आहे तुलाच येतं!"

दोरीवरचे कोट हलतात. शेवंताबाई मान वर करून आमच्याकडे बघतात. भांडणाऱ्या जावांकडे बघावं तसं.

मीनल दोन्ही हात पुढं करते. कोपरापासून खाली पांढऱ्या बाह्या आहेत, बाह्यांत काही नाही.

"मला येतं," ती म्हणते. "पण बोटं नाहीत ना आता."



"नोटीस मी लावली," मी म्हणते.

"वाचली मी."

"रागावलीस?"

"नाव बंद केलंस ते बरं झालं. रोज पन्नास वेळा कुणीतरी हाक मारायचं आणि बघावं तर माझ्यासाठी नसायची. सातचं मीनल, चौदाचं मीनल. नाव बंद कर की. बोटं का बंद केलीस?"

याला उत्तर आहे. मी ते इतकी वर्षं तोंडात धरून आहे, गोळी विरघळू न देता धरतात तसं. आता थुंकते.

"सुई मी घातली होती."

"हो."

"सोपी नव्हती. तुझं यकृत मध्ये येत होतं. मी तुला न दुखवता घातली. एकदाही मागं घ्यावी लागली नाही. आणि तू उठून बसलीस, आणि जो येईल त्याला सांगत सुटलीस, मी स्वतःच ओळखलं, मी स्वतःच ओळखलं. एकदा, एकदा तरी म्हणायचंस, वैजूनं सुई चांगली घातली."

"म्हटलं होतं."

"कधी?"

"घातलीस तेव्हाच. तू पाठ करून हातमोजे काढत होतीस. मी म्हटलं, वैजे, हात हलका आहे गं तुझा. तू बाहेर निघून गेलीस. मला वाटलं ऐकलंस."

मी आठवून बघते. हातमोजे आठवतात. त्यांचा चटकन सुटण्याचा आवाज आठवतो. पुढचं आठवत नाही. ती आत्ता बनवून सांगत असेल, स्वप्नातली माणसं तसंच करतात. पण मला ते हवं आहे, मी ते घेते आणि पदरात बांधते.

"आणि तुझा काय समज," ती म्हणते, "हेवा तुलाच येतो? मागच्या रविवारी तू बाजारात शेवग्याच्या शेंगा घेत होतीस. वाकवून वाकवून बघत होतीस, कोवळ्या आहेत का. दहा रुपयांच्या शेंगांना इतका वेळ. मला असा जळफळाट झाला म्हणून सांगू. मला वाटलं, द्यावी एक चापट आणि हिसकावून घ्याव्यात."

मला बरं वाटतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटतं. कुणीतरी माझा हेवा करतंय, आणि तेही मीनल घोरपडे.

"पाणी किती झालं बघ," ती म्हणते.

गच्चीवर पाणी छातीपर्यंत आहे. शेवंताबाईंच्या गळ्यापर्यंत. त्या श्वास आत घेतात आणि खाट, दोऱ्या, कोट ——

सोडतात. परत.

आत घेतात. ——

या वेळी परत यायला उशीर लागतो.

"हात दे," मीनल म्हणते. "तो नाही, उजवा."

विद्यार्थ्यांना नाडी सापडावी म्हणून ती पेशंटच्या मनगटावर पेनानं बारीक फुली काढायची. पेशंट हसायचे, गोंदवून घेतलं म्हणायचे. आता ती माझ्या हातातलं पेन घेते. कशानं घेते ते दिसत नाही. मनगटावर टोक टेकतं, गार, एकदा असं, एकदा असं.

"इथं," ती म्हणते. "इथं ठेवायचं आणि गप्प बसायचं. तुला फक्त गप्प बसणं जमत नव्हतं, वैजे. बाकी तुझा हात —"

कुर.

उपचार

पंखा. तीन पस्तीस. तोंडाला कोरड. मी उठून बसते आणि पेन जमिनीवर पडतं. उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, निळी फुली आहे.

मी उजव्या हातानं लिहिते.

विचार करायला वेळ नाही. वॉर्डात जाते. रिबेका सिस्टर ट्रेमध्ये चार वाजताचं इंजेक्शन भरून ठेवताहेत.

"ते थांबवा."

शेवंताबाई उशीवर वाकून बसल्या आहेत. त्यांच्या जाऊबाई पाठीवरून हात फिरवताहेत. मी स्टूल ओढते, बसते, मनगट धरते. मॉनिटरकडे बघत नाही.

"सावकाश श्वास घ्या, मावशी."

टक टक टक टक. त्या आत ओढतात. टक. ट.

——

सोडतात. टक टक टक.

"पुन्हा."

टक टक. ——

मान वर केली तर सिस्टर बघताहेत. त्यांनी हातानं फुगवायचं रक्तदाबाचं यंत्र आधीच आणून उशाशी ठेवलं आहे. ते मी मागितलंही नव्हतं. फुगवते, हळूहळू सोडते, कानानं ऐकते. श्वास सोडतानाचा आवाज शहाऐंशीला, घेतानाचा चौसष्टला. बावीसचा फरक. दहाच्या वर गेला तरी धावायचं असतं.

"सलाईन चालू करा. कॅज्युअल्टीतून सोनोग्राफीचं छोटं मशीन मागवा. आडवं करू नका त्यांना."

"काय झालंय वो तिला?" जाऊबाई विचारतात.

"हृदयाभोवती पाणी साठलंय. सुईनं काढायचंय, आत्ता. सही लागेल तुमची."

"काढलं की बरं वाटंल?"

"कॅन्सर राहील. धाप जाईल."

"धाप जाऊ दे पयली," शेवंताबाई उशीत तोंड ठेवून म्हणतात.

मशीनच्या पडद्यावर हृदय दिसतं, काळ्या पाण्यात, बुडणाऱ्या पाखरासारखं फडफडणारं. मी हात धुते, कोपरापर्यंत, दोनदा. फुली जात नाही. हातमोजे चढवते. बरगड्यांच्या खाली भूल, मग सुई, डाव्या खांद्याच्या रोखानं. एकदाही मागं घ्यावी लागत नाही. कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं, मग आणखी गडद. पहिल्या पन्नास मिलीतच रक्तदाब वर सरकतो. बारीक नळी आत ठेवून बाकीचं सावकाश निघू देते. थोडं तपासणीला. पाणी पुन्हा साठू नये म्हणून पिशवीला खिडकी पाडायची का, ते उद्या सर्जनशी बोलू. साडेपाचपर्यंत सहाशे.

शेवंताबाई मागं टेकतात. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"आता आत वढला तरी उजेड ऱ्हातोय," त्या जाऊबाईंना म्हणतात. "तू लई काळी दिसतीस पण."

"दिसायला लागलं न्हवं!" जाऊबाई डोळे पुसत म्हणतात. "लागली लगीच बोलायला."

रिबेका सिस्टर नळी चिकटवताहेत. खालच्या आवाजात म्हणतात, "मॅडम, बोटांनी ओळखलंत."

पाच वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. जसंच्या तसं. आता ते आलं आहे आणि कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे.

"नोटीस काढून टाका, सिस्टर. आजपासून पुन्हा सगळ्यांचं मीनल करायचं."

"तीनलाच काढली मी," त्या म्हणतात. "तुम्ही झोपला होता तेव्हा. सकाळपासून बघत होते त्या बाईकडे. म्हटलं, मॅडमना उठवावं का. मग म्हटलं, नोटीस आहे." त्या नळीवरची पट्टी दाबतात: "काढली. पण उठवायचा धीर झाला नाही."

मी बेसिनपाशी जाऊन पाठमोरी हातमोजे काढते. चटकन आवाज होतो. आणि या वेळी मी लगेच बाहेर जात नाही. उभी राहते. कुणी काही म्हणत नाही. नळ ठिबकतो.

उजव्या मनगटावरची फुली घामानं ओली झाली आहे, पण पसरलेली नाही. तिच्यावर मी डाव्या हाताचं बोट ठेवते. नाडी बरोबर फुलीच्या मधोमध लागते. एक केसभरही इकडं नाही की तिकडं नाही.

इतकं नेमकं मला अजून जमत नाही.